सीमेवरचे बाइट

सी भाषेतलं एक साधं स्ट्रक्चर, म्हणजे मेमरीत एकामागोमाग ठेवलेल्या फील्डांचा गट, घेऊ. पहिलं फील्ड ३२ बिटांचं, दुसरं ६४ बिटांचं, दोन्ही अनसाइन्ड, म्हणजे ऋण संख्या न ठेवणारी. चार आणि आठ मिळून बारा बाइट, आणि ३२-बिट एक्स८६ वर कंपाइलरही बाराच सांगतो. तीच फाइल ६४-बिट एक्स८६ साठी कंपाइल केली की उत्तर येतं सोळा. कोडमध्ये काना-मात्रेचाही फरक नाही, फील्डांची रुंदी तर टाइपच्या नावातच लिहिलेली, तरी चार बाइट कुठून तरी उगवले.

ते उगवतात दोन फील्डांच्या मध्ये. ६४-बिट एक्स८६ च्या एबीआयप्रमाणे (कंपाइल झालेल्या कोडनं पाळायच्या मांडणीच्या नियमांप्रमाणे) आठ बाइटांचा पूर्णांक आठने भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसतो. जुन्या ३२-बिट एबीआयला स्ट्रक्चरच्या आत चारने भाग गेला तरी पुरतं. म्हणून दुसरं फील्ड एकीकडे ऑफसेट ४ वर (सुरुवातीपासून चार बाइटांवर), तर दुसरीकडे ऑफसेट ८ वर. एकाच प्रोग्रामच्या आत यानं काहीच बिघडत नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच कंपाइलरच्या हाताखालचे असतात. ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा म्हणजे कर्नल; त्याच्या आणि प्रोग्रामच्या सीमेवर तसं नसतं. सीमेच्या अलीकडच्या बाजूला पूर्वी कधीतरी बनवलेली ३२-बिट बायनरी, पलीकडे आज बूट झालेला ६४-बिट कर्नल. दोघांमध्ये सामाईक असते ती एक हेडर फाइल, आणि तीही प्रत्येकानं आपापल्या कंपाइलरकडून वाचून घेतलेली.

पोर्टेबल इंटिजर टाइप म्हटलं की डोळ्यांसमोर टाइपडेफची (टाइपला दिलेल्या दुसऱ्या नावांची) यादी येते: आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, साइन्ड आणि अनसाइन्ड. ही आठ नावं लिहायला पाच मिनिटं पुरतात. खरं काम त्यानंतरचं आहे. नाव रुंदी सांगतं; इंटरफेसला मात्र कुठला बाइट कुठे बसतो, आणि ज्या बाइटांना नावच नाही त्यांच्यात काय असतं, हेही ठरलेलं लागतं.

सी भाषेनं मुळात रुंदी ठरवून दिलेली नाही, किमान मर्यादा सांगितल्या आहेत. शॉर्ट आणि इंट निदान १६ बिटांचे, लाँग निदान ३२ चा, लाँग लाँग निदान ६४ चा. व्यवहारात आज इंट जवळपास सगळीकडे ३२ बिटांचा सापडतो, त्यामुळे त्यावर फारसं कुणाचं अडत नाही. खरा घोटाळा लाँगचा. ६४-बिट युनिक्स-लिनक्सनं एलपी६४ मॉडेल घेतलं, म्हणजे लाँग आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दोन्ही ६४ बिटांचे. ६४-बिट विंडोजनं एलएलपी६४ घेतलं. तिथे लाँग ३२ बिटांचाच राहिला आणि ६४ साठी लाँग लाँग आला. आणि लिनक्सपुरतं बोलायचं तरी एकाच मशीनवर, एकाच कर्नलसमोर, एका प्रोसेसचा लाँग चार बाइटांचा आणि शेजारच्या प्रोसेसचा आठ बाइटांचा असू शकतो. कर्नलच्या आतल्या कोडमध्ये लाँग उपयोगी आहे. तो पॉइंटरएवढा असतो याच गृहीतकावर तिथली कितीतरी यंत्रणा उभी आहे. पण युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांकडे, जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये लाँग, साइझ-टी किंवा नागडा पॉइंटर दिसला, की त्या पॅचवर (सुचवलेल्या बदलावर) लगेच बोट ठेवावं. त्यात तारतम्याचा प्रश्नच नाही.

मग सी९९ नं दिलेले स्टँडर्ड टाइप, यूइंट३२_टी वगैरे, सरळ का वापरत नाहीत? लिनक्सच्या युजरस्पेसला दिसणाऱ्या हेडरमध्ये त्याऐवजी __यू३२, __एस६४ अशी दोन अंडरस्कोरची नावं असतात आणि कर्नलच्या आत तीच अंडरस्कोरशिवाय. कारण आवडीनिवडीचं नाही. कुठल्या हेडरनं कुठली नावं जाहीर करायची याचे सी आणि पोझिक्सचे (युनिक्ससारख्या सिस्टमच्या मानकाचे) नियम आहेत. सी लायब्ररीची एखादी हेडर आतून कर्नलची हेडर ओढून घेते; तिनं यूइंट३२_टी हे नाव परस्पर बाहेर सोडलं, तर ज्या प्रोग्रामनं ते मागितलंच नव्हतं त्याच्या नावांच्या जागेत ते घुसतं. दोन अंडरस्कोरनं सुरू होणारी नावं भाषेनंच कंपाइलर-लायब्ररी-सिस्टमसाठी राखून ठेवली आहेत, त्यामुळे तिथे कुणाशी टक्कर होत नाही. हा नियम कडेकोट मात्र नाही. बीएसडीसारख्या दुसऱ्या सिस्टमबरोबर वाटून घेतलेल्या हेडरमध्ये तडजोडी दिसतात. ग्राफिक्सच्या डीआरएम हेडरमध्ये लिनक्स नसेल तर स्टँडर्ड टाइपवरून __यू३२ वगैरे नावं जागच्या जागी बनवून घेतली आहेत.

६४ बिटांच्या नावामागे नेमका कुठला टाइप, हाही प्रश्न निघतो. एलपी६४ वर लाँगही ६४ बिटांचा आणि लाँग लाँगही. लिनक्स कर्नलच्या आत सगळ्या आर्किटेक्चरवर यू६४ म्हणजे अनसाइन्ड लाँग लाँग, त्यामुळे छापताना सगळीकडे एकच फॉरमॅट चालतो. युजरस्पेसमध्ये ६४-बिट एक्स८६ वर जीलिबसी या सी लायब्ररीचा यूइंट६४_टी मात्र अनसाइन्ड लाँग असतो. दोन्ही आठ बाइटांचे, दोघांचं अलाइनमेंट (पत्त्याला कितीने भाग जावा ते) सारखं, तरी भाषेच्या लेखी ते वेगळे टाइप. एकाचा पत्ता दुसऱ्याच्या पॉइंटरमध्ये दिला की कंपाइलर कुरकुरतो, सी++ तर कंपाइल करायलाच नकार देतो, आणि स्टँडर्ड हेडरमधला ६४ बिटांचा प्रिंटएफ मॅक्रो __यू६४ ला लावला की वॉर्निंग येते. इलाज एकच आणि कंटाळवाणा: छापताना अनसाइन्ड लाँग लाँगमध्ये कास्ट करायचं, म्हणजे टाइप उघडपणे बदलून घ्यायचा.

आता त्या बारा-सोळाकडे परत येऊ, कारण त्याचा परिणाम फार लवकर दिसतो. आयऑक्टल हा ड्रायव्हरला आदेश देण्याचा सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रामनं कर्नलकडे केलेली मागणी. त्याचा कमांड नंबर हा नुसता क्रमांक नसतो. बहुतेक आर्किटेक्चरवर त्याच्या ३२ बिटांपैकी ८ क्रमांकाला, ८ ड्रायव्हरच्या अक्षराला, १४ स्ट्रक्चरच्या साइझला आणि २ डेटा कुठल्या दिशेनं जातो त्याला दिलेले असतात. साइझ नंबरातच कोरला असल्यामुळे ३२-बिट प्रोग्राम १२ चा नंबर पाठवतो, ६४-बिट ड्रायव्हर १६ च्या नंबराची वाट बघतो, आणि प्रोग्रामच्या हाती पडतो ईनॉटटी-वाय, म्हणजे असा आदेश इथे नाही अशी एरर. हे खरं तर नशीब म्हणायचं, कारण चूक निदान ओरडून सांगते. साइझ न कोरलेले जुन्या पद्धतीचे नंबर असतील किंवा तेच स्ट्रक्चर सरळ रीड-राइटमधून जात असेल, तर दुसरं फील्ड चार बाइट सरकून वाचलं जातं आणि कुणीच हूं की चूं करत नाही.

यावर तीन वाटा आहेत. पहिली, फील्डांचा क्रम बदलायचा: ६४ बिटांची आधी, मग ३२, मग १६ आणि ८. पण क्रम बदलून शेपटीची पोकळी जात नाही. आधी ६४ आणि मग एकटं ३२ असेल तर एकीकडे साइझ बारा, दुसरीकडे शेवटी चार बाइटांची भर पडून सोळाच. म्हणून दुसरी वाट तिच्या जोडीनंच चालायची: पोकळीला नाव द्यायचं. पॅड नावाचं ३२ बिटांचं फील्ड उघडपणे लिहायचं आणि एकूण साइझ आठच्या पटीत आणायचा. तिसरी वाट __अलाइन्ड_यू६४ हा टाइप. तो ३२-बिट एक्स८६ वरही आठचं अलाइनमेंट सक्तीनं लावतो. मला पहिल्या दोन वाटा एकत्र जास्त पटतात, कारण त्यात वाचणाऱ्याला प्रत्येक बाइट डोळ्यांनी दिसतो. तिसरी, क्रम बदलणं शक्य नसेल तिथे.

पॅक्ड ॲट्रिब्यूट ही चौथी वाट दिसते, आणि मोहाची आहे. एक शब्द टाकला की सगळी पोकळी गायब. पण त्याबरोबर अलाइनमेंटची हमीही गायब होते. विसंगत पत्त्यावरून वाचायला जे प्रोसेसर तयार नसतात, तिथे कंपाइलर एकेक बाइट उचलून संख्या जुळवतो. आणि अशा फील्डचा पत्ता घेऊन तो साध्या पॉइंटरमध्ये ठेवला, तर कंपाइलरला ही काळजीही घेता येत नाही. याचं नामांकित उदाहरण ईपोल या अनेक फाइलींवर एकदम नजर ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतलं इव्हेंटचं स्ट्रक्चर आहे: ३२ बिटांचे इव्हेंट आणि ६४ बिटांचा डेटा, म्हणजे आपलंच सुरुवातीचं स्ट्रक्चर. ३२-बिट एक्स८६ शी जुळावं म्हणून ६४-बिट एक्स८६ वर ते पॅक्ड केलं आहे, म्हणजे बारा बाइट. बाकीच्या ६४-बिट आर्किटेक्चरवर तेच सोळा बाइटांचं. सी सोडून दुसऱ्या भाषेतून सिस्टम कॉल करणाऱ्या प्रत्येकाला हा अपवाद आर्किटेक्चर बघून वेगळा लिहावा लागतो. सुरुवातीलाच मध्ये चार बाइटांचं पॅड असतं तर यातलं काहीच लागलं नसतं.

पोकळीचा दुसरा त्रास सुरक्षिततेचा. कर्नल स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) स्ट्रक्चर बनवतो, एकेक फील्ड भरतो आणि अख्खं स्ट्रक्चर युजरकडे कॉपी करतो. फील्डांच्या मधल्या चार बाइटांत कुणीच काही लिहिलेलं नसतं. तिथे आधीच्या एखाद्या फंक्शनचे अवशेष पडलेले असतात, कधी एखाद्या कर्नल पॉइंटरचा अर्धा भाग. तेही कॉपीबरोबर बाहेर जातात. जाहीर करतानाच कंसात शून्य टाकून इनिशियलाइझ केलं की निभावलं असं अनेकांना वाटतं, पण त्यानं बेनाम पॅडिंग शून्य होईलच असं सी भाषा सगळ्या बाबतीत म्हणत नाही. मेमसेटनं अख्खी जागा शून्य करावी, किंवा बेनाम बाइट ठेवूच नयेत. नाव दिलेलं पॅड हे साधं फील्ड असतं आणि इनिशियलाइझ करताना इतरांबरोबर शून्य होतं.

उलट दिशेनंही पहारा लागतो. युजरकडून आलेल्या स्ट्रक्चरमधलं पॅड शून्य आहे का, हे कर्नलनं पहिल्या दिवसापासून तपासावं आणि नसेल तर ईइनव्हॅल (चुकीचं आर्ग्युमेंट अशी एरर) द्यावा. फ्लॅगमधल्या अनोळखी बिटांचंही तसंच. आज तपासलं नाही तर लोक तिथे कचरा पाठवत राहतात. पुढे त्या जागेला अर्थ द्यायची वेळ आली, की कचरा पाठवणारे जुने प्रोग्राम मोडतात आणि ती जागा कायमची वाया जाते.

पॉइंटरचं बघू. स्ट्रक्चरमध्ये पत्ता पाठवायचा असेल तर फील्ड __यू६४ ठेवायचं, म्हणजे दोन्हीकडे आठ बाइट. गंमत कास्टमध्ये आहे. ३२-बिट प्रोग्राममध्ये पॉइंटर थेट ६४ बिटांत कास्ट केला, तर जीसीसी हा कंपाइलर तो साइन-एक्स्टेंड करतो. पत्त्याचा वरचा बिट १ असेल तर वरचे सगळे ३२ बिट १ होतात. ३२-बिट कर्नलवर हे खपून जातं, कारण तो वरचा अर्धा भाग कापूनच टाकतो. ६४-बिट कर्नलला मात्र तो पत्ता युजरस्पेसच्या कक्षेबाहेरचा दिसतो आणि ईफॉल्ट (चुकीचा पत्ता अशी एरर) येतो. त्यातही हीपवरचे पत्ते सहसा खालच्या दोन जीबीत असल्यामुळे चालतात आणि स्टॅकवरचे पत्ते चार जीबीच्या टोकाला असल्यामुळे पडतात. “मॅलॉक केलेला बफर चालतो, लोकल अ‍ॅरे चालत नाही” अशी तक्रार आली की आधी हे कास्ट तपासावं. आधी यूइंटपीटीआर_टी मध्ये आणि मग ६४ बिटांत, अशी दोन पायऱ्यांनी गेलं की वर शून्यं भरतात. कर्नलच्या बाजूला याच कामासाठी यू६४_टू_युजर_पीटीआर हा मॅक्रो आहे.

साइनच्या भानगडी फ्लॅगांतही आहेत, आणि त्या रिव्ह्यूमध्ये सहज निसटतात. ६४ बिटांच्या फ्लॅगमधून एक बिट काढायचा म्हणून मास्क (हवे ते बिट निवडणारा आकडा) उलटा करून अँड केला. मास्क ३२ बिटांचा अनसाइन्ड असेल तर उलटल्यावरही तो ३२ बिटांचाच राहतो, रुंद होताना वर शून्यं येतात आणि एका बिटाबरोबर वरचे ३२ फ्लॅग साफ होतात. मास्क साधा इंट असता तर साइन-एक्स्टेंड होऊन वर एक आले असते आणि काम बरोबर झालं असतं. म्हणजे इथे काळजीपूर्वक अनसाइन्ड लिहिणारा फसतो! उलट १ ला ३१ घरं डावीकडे सरकवून ६४ बिटांत टाकलं, तर ती ऋण संख्या होते आणि वरचे सगळे बिट पेटतात. फील्ड ६४ बिटांचं असेल तर त्याचे सगळे स्थिरांकही पहिल्यापासून अनसाइन्ड लाँग लाँगच असावेत.

वेळेच्या टाइपनं हा सगळा विषय मोठ्या प्रमाणावर भोगला. ३२ बिटांचा साइन्ड टाइम-टी, म्हणजे सेकंद मोजणारा टाइप, १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसी ०३:१४:०७ ला भरतो. कर्नलमध्ये टाइपडेफ बदलून हे सुटणार नव्हतं, कारण जुन्या बायनरींच्या पोटात चार बाइटच आहेत. मे २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१ मध्ये ३२-बिट आर्किटेक्चरसाठी ६४-बिट वेळेचे नवे सिस्टम कॉल आले. जुने तसेच राहिले. नव्या __कर्नल_टाइमस्पेकमध्ये सेकंदही ६४ बिटांचे आणि नॅनोसेकंदही. नॅनोसेकंदांना खरं तर ३० बिट पुरतात, पण दोन्ही आठ-आठ बाइटांचे ठेवले की पोकळीच उरत नाही. अडचण आली ती सी स्टँडर्डची: तिथे नॅनोसेकंदाचं फील्ड लाँग असायला हवं होतं, म्हणजे ३२-बिट युजरस्पेसमध्ये चार बाइट आणि उरलेले चार बाइट पॅडिंग. ते पॅडिंग आधी की नंतर, हे एंडियननुसार (संख्येचे बाइट कुठल्या टोकापासून ठेवतात त्यानुसार) ठरतं आणि त्यात कचरा असू शकतो. म्हणून कर्नल ३२-बिट प्रोसेसकडून आलेल्या नॅनोसेकंदांचे वरचे ३२ बिट बघतच नाही. वरच्या परिच्छेदांत पॅड तपासा म्हटलं होतं, त्याला हा रास्त अपवाद.

कीबोर्ड-माउसच्या इव्हेंटचा मार्ग वेगळा निघाला. त्या स्ट्रक्चरचा साइझ बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून ३२-बिट सिस्टमवर तेच चार बाइट अनसाइन्ड मानले आणि मुदत २१०६ पर्यंत गेली.

सिस्टम कॉलला आकडे थेट रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागांतून) देतानाही रुंदी नडते. ३२-बिट मशीनवर ६४ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत विभागून जातो, आणि ३२-बिट आर्मच्या ईएबीआयला ती जोडी सम क्रमांकापासून सुरू झालेली लागते. सिंक-फाइल-रेंज या सिस्टम कॉलचे आर्ग्युमेंट बघा: फाइल डिस्क्रिप्टर, ६४ बिटांचा ऑफसेट, ६४ बिटांची लांबी, फ्लॅग. डिस्क्रिप्टर आर० मध्ये, आर१ रिकामा सोडावा लागतो, ऑफसेट आर२-आर३, लांबी आर४-आर५, आणि फ्लॅगला उरतो आर६. आर७ मध्ये कॉलचा क्रमांक असतो आणि आर्ग्युमेंटला सहाच रजिस्टर मिळतात, म्हणजे एक जास्त झालं. म्हणून सिंक-फाइल-रेंज-२ असा वेगळा कॉल आहे, ज्यात फ्लॅग दुसऱ्या क्रमांकावर आणले की रिकामं घर भरतं आणि सगळं सहात बसतं. नवा कॉल आखताना ६४ बिटांचे आकडे स्ट्रक्चरमध्ये टाकून त्याचा पत्ता दिला तर ही कसरतच उरत नाही.

बाकीचे टाइप थोडक्यात. ईनमचा (नावं दिलेल्या स्थिरांकांच्या टाइपचा) साइझ कंपाइलरच्या ऑप्शनवर बदलू शकतो, तेव्हा ईनम स्थिरांकांच्या नावांपुरता ठेवावा आणि फील्ड __यू३२ लिहावं. बिटफील्डचा क्रम एबीआय ठरवतो, बिग-एंडियनवर तो सहसा उलटा. फ्लॅग आणि मास्कच बरे. बूलऐवजी __यू८. ‘चार’ हा अक्षराचा (कॅरेक्टरचा) टाइप एक्स८६ वर साइन्ड आणि आर्मवर अनसाइन्ड असतो, लिनक्सनं ६.२ पासून कर्नलच्या आत तो सगळीकडे अनसाइन्ड केला, पण युजरस्पेसला ते लागू नाही, म्हणून इंटरफेसमध्ये तो नावांच्या स्ट्रिंगपुरताच. नेटवर्कवर किंवा डिस्कवर जाणाऱ्या आकड्यांसाठी __एलई३२, __बीई३२ वापरले, की स्पार्स हे तपासणीचं टूल एंडियनची सरमिसळ पकडतं.

स्ट्रक्चर पुढे वाढणार असेल तर त्याचा साइझही युजरकडून मागून घ्यावा. ओपनॅट२ या फाइल उघडण्याच्या सिस्टम कॉलचं स्ट्रक्चर बघण्यासारखं आहे: फ्लॅग, मोड, रिझॉल्व्ह, तिन्ही __यू६४, पहिल्या आवृत्तीचा साइझ २४. मोडला इतकी जागा लागत नाही, तरी दिली. युजरचं स्ट्रक्चर कर्नलच्या माहितीपेक्षा लहान असेल तर उरलेला भाग शून्य धरला जातो. मोठं असेल तर जास्तीचे बाइट शून्य आहेत का ते पाहिलं जातं, नसतील तर ईटूबिग ही एरर. कर्नलमध्ये हे सगळं कॉपी_स्ट्रक्ट_फ्रॉम_युजर या एका फंक्शनमध्ये आहे. ते स्वतः नव्यानं लिहायच्या फंदात पडू नये.

एवढं सगळं डोळ्यांनी तपासणं कुणालाच कायम जमत नाही, म्हणून कंपाइलरला कामाला लावायचं. प्रत्येक स्ट्रक्चरच्या साइझवर आणि शेवटच्या फील्डच्या ऑफसेटवर स्टॅटिक ॲसर्ट (कंपाइल होतानाच तपासली जाणारी अट) लिहावा. टेस्टची तीच सी फाइल एकदा ३२ आणि एकदा ६४ बिटांसाठी कंपाइल करावी. दोन्हीकडे एकच आकडा पास व्हायला हवा. डीबग माहितीसह बनवलेल्या ऑब्जेक्टवर पाहोल हे टूल चालवलं की कुठे किती बाइटांची पोकळी आहे ते फील्डाफील्डानं छापून येतं. मग ३२-बिट टेस्ट प्रोग्राम ६४-बिट कर्नलवर प्रत्यक्ष चालवावा, बफर मुद्दाम स्टॅकवर ठेवून. पाठवण्याआधी स्ट्रक्चर हेक्स ए५ नं भरावं आणि मग पॅड सोडून बाकीची फील्डं लिहावीत. कॉल ईइनव्हॅल देऊन परतला नाही, तर कर्नलच्या बाजूची तपासणी लिहायची राहिली आहे.